साठच्या दशकातला सिमेंटचा सभामंडप: पाडायचा की ठेवायचा?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. देवगडच्या बाजूला खाडीच्या तोंडावरचं गाव, ग्रामदेवतेचं देऊळ, गाभारा जुना जांभ्याच्या चिऱ्याचा आणि चुन्याचा, पण त्याच्या पुढचा सभामंडप १९६४ साली बांधलेला आरसीसीचा. वर घड्या घातलेलं छत, म्हणजे फोल्डेड प्लेट, दोन्ही बाजूंना उभे सिमेंटचे फिन्स, म्हणजे पातळ उभ्या पट्ट्या, त्यांच्या मध्ये जाळ्या, खाली मोझॅक. आता छत गळतंय, खालच्या अंगाला पोपडे सुटून सळ्या दिसायला लागल्यात, एका पावसाळ्यात भजन चालू असताना तुकडा पडला. गावच्या चाकरमान्यांचं मुंबई मंडळ म्हणतंय पाडून टाका, राजस्थानी गुलाबी दगडाचं शिखरासकट नवीन करू, पैसे आम्ही जमवतो. कंत्राटदार म्हणतोय ‘वय झालं, साठ वर्षं म्हणजे खूप झाली’. आणि तुम्ही विचारताय की असल्या सिमेंटच्या बांधकामाला कोणी वारसा म्हणतं का, आणि म्हटलं तरी ते वाचतं का.

मी रिपेअरचीच कामं करतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, देवळं, मशिदी, एखाददुसरं चर्च, शाळा वगैरे. माझं उत्तर: बहुतेक वाचेल, सगळं नाही. ‘पाडायचं की ठेवायचं’ हा प्रश्न अख्ख्या मंडपाला एकदम विचारला की उत्तर नेहमी ‘पाडा’ असंच येतं, कारण कुठला ना कुठला एक भाग खरंच गेलेला असतो. तोच प्रश्न छताला वेगळा, खांबांना वेगळा, फिन्सना वेगळा, जाळ्यांना वेगळा विचारा, मग बघा चित्र किती बदलतं ते.

पण त्याच्या आधी एक काम आजच्या आज करा. जिथून तुकडे पडतायत त्या भागाखाली लोखंडी प्रॉप्स लावा, वर फळ्या आडव्या टाकून, आणि तेवढी जागा दोरी लावून बंद करा. शिमग्याला पालखी आत नाचवायची असेल तर त्या भागातून नको. लोकांना वाटतं गळणारं छत हळूहळू खराब होतं, तसं नेहमी होत नाही. गोव्याची कला अकादमी घ्या, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांची इमारत, तिथे २०२३ च्या जुलैत नूतनीकरणाचं काम चालू असताना खुल्या रंगमंचाचं छत रात्रीत खाली आलं. रात्रीची वेळ होती म्हणून निभावलं. तेव्हा वारसाबिरसा नंतर, आधी टेकू.

आता वारसा म्हणतात का. म्हणतात. जगभर १९८८ पासून डोकोमोमो नावाची संघटना आधुनिक इमारतींच्याच मागे आहे, भारतातही तिची शाखा आहे. इकोमॉस या वारसा जपणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने विसाव्या शतकातल्या इमारती कशा जपायच्या याचं एक डॉक्युमेंट केलंय, माद्रिद-नवी दिल्ली डॉक्युमेंट, २०१७ चं. वास्तुविशारद कॉर्बुझिएचं फ्रान्समधलं रोंशाँचं काँक्रीटचं चॅपल १९५५ चं, ते २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. आणि एवढं लांब जायची गरज नाही, तुमच्या मंडळातले निम्मे लोक दादरला पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपवरून रोज जात असतील, तिथलं आताचं चर्च, साल्व्हेशन चर्च, कोरियांनीच १९७० च्या दशकात नव्याने बांधलेलं आहे, वर काँक्रीटचे शेल, म्हणजे पातळ कवचासारखी छतं, मधून मधून उघडे चौक. त्याच्या समोर उभं राहून कोणी ‘हे कसलं सिमेंट’ म्हणत नाही. आपल्या गावात तेच सिमेंट दिसलं की मात्र आपल्याला लाज वाटते.

कोकणात ही बांधकामं आली कुठून, तर मी ज्यांची ज्यांची जमाखर्चाची वही बघितलीय त्यात साधारण तीच गोष्ट असते. गिरणगावातून चाकरमान्यांनी पै-पै जमवून पाठवलेली, आराखडा मुंबईतल्या कुठल्यातरी ड्राफ्ट्समनने काढलेला, सेंटरिंग आणि सळ्या बांधायला गवंडी बाहेरून, आणि रेती-खडी-पाणी मात्र गावाने डोक्यावर वाहिलेलं. त्या काळात आरसीसी म्हणजे पुढारलेपण होतं. त्यापूर्वीचे मंडप लाकडी खांबांचे, उतरत्या कौलांचे, आणि मधले खांब पालखीच्या आड यायचे. घडीच्या छताने ते खांबच काढून टाकले, म्हणजे ही नुसती फॅशन नव्हती, पालखी मोकळी नाचवायला जागा हवी होती आणि ती त्यांनी तीन-चार इंच जाडीच्या सिमेंटमधून काढली. कागद सरळ धरला तर लवतो आणि जपानी पंख्यासारख्या घड्या घातल्या की टिकतो, तेच गणित. हे लक्षात ठेवा, कारण पुढे रिपेअरला याचा संबंध येणारे.

सगळं जुनं ते सोनं असंही माझं म्हणणं नाही बरं का. साठच्या दशकात चार खांबांवर सपाट स्लॅब टाकून ‘सभामंडप’ म्हणून बोर्ड लावलेली ठिकाणंही पुष्कळ आहेत, ती गेली तर मला काही रडू येणार नाही. तुम्ही पाठवलेल्या फोटोतला मंडप तसा नाही. फिन्सच्या मधून येणारी सकाळची तिरीप गाभाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोचते, हे कोणीतरी विचार करून केलंय.

आता मूळ दुखण्याकडे येतो. काँक्रीट ‘म्हातारं’ होऊन मरत नाही, त्यातली सळी गंजून ते फुटतं. ताज्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे अल्कली किती आहे त्याचं माप, साडेबारा-तेराच्या आसपास असतो आणि त्या वातावरणात सळीवर एक पातळ संरक्षक थर बसतो, जोपर्यंत तो आहे तोपर्यंत सळी गंजत नाही. तो थर दोन प्रकारे जातो. एक, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि पीएच नऊपर्यंत खाली आणतो, याला कार्बोनेशन म्हणतात. दुसरं, मीठ, म्हणजे क्लोराइड, ते पीएच चांगला असतानाही थराला भोकं पाडतं. एकदा गंज सुरू झाला की तो मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा घेतो, आणि वरच्या काँक्रीटला ढकलून बाहेर टाकतो. तुमचे पोपडे ते हे.

आता तुमच्या मंडपाचा विचार करा. साठच्या दशकात स्लॅबच्या सळीला खालून अर्धा इंच कव्हर, म्हणजे सळीच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, दिलं की झालं. काँक्रीटसाठीचं भारतीय मानक आयएस ४५६, २००० सालचं, किनाऱ्यावरच्या उघड्या बांधकामाला ४५ मिलिमीटर मागतं, लाटांचे तुषार थेट येत असतील तर ५०. काँक्रीट त्या वेळचं एम-१५० म्हणजे आजच्या भाषेत एम-१५, कमी ताकदीचं. सिमेंट परमिटवर मिळायचं, कंट्रोल थोडासा उठला तो १९८२ ला आणि पूर्ण १९८९ ला, त्यामुळे गोणी वाचवायची सवय सगळ्यांनाच होती. आणि त्यावर कोकणातला धो धो पाऊस. एवढं असूनही तो मंडप साठ वर्षं उभा आहे, १९६७ च्या डिसेंबरमधला कोयनेचा धक्का पचवून. त्यामुळे कंत्राटदाराच्या ‘वय झालं’ला माझ्याकडून फार मार्क नाहीत.

खरा प्रश्न आहे मीठ आलं कुठून. वाऱ्याने बाहेरून आलं की पहिल्या दिवसापासून आतच होतं. हा फरक कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका, कारण दोन्हींचा इलाज वेगळा आहे. एका गावात माझ्याबरोबर एक आजोबा मंडपात फिरत होते, मी हातोडीने छत ठोकत होतो, ते मधेच म्हणाले, ‘ह्या स्लॅबाची रेती माझ्या बापाशीन होडयेतसून हाडलेली.’ मी विचारलं, नदीची की खाडीची? ‘खाडीचीच, दुसरी खंयची?’ झालं, लॅबचा रिपोर्ट येण्याआधीच अर्धं निदान हातात. तुमच्याही गावात असा कोणी असेल तर त्याला आत्ताच गाठा. रेती कुठली, पाणी कुठल्या विहिरीचं, मे महिन्यात ती विहीर मचूळ व्हायची का, स्लॅब ओतताना मध्येच पाऊस आला होता का, असलं सगळं विचारा. देवस्थानच्या पेटीत जुनी वही असेल तर सिमेंटच्या गोण्यांची नोंद शोधा. एकूण गोण्या आणि छताचं माप यावरून मिक्समध्ये सिमेंट किती कमी होतं याचा बरा अंदाज येतो.

मग टेस्ट. आधी हातोडी, साधी, छोटी. चांगलं काँक्रीट टणटण वाजतं आणि आतून सुटलेलं बद्द वाजतं, बद्द वाजलं की खडूने गोल करायचा. अख्ख्या छताचा असा नकाशा काढायचा, घडीगणिक. हे काम कुठल्याही मशीनपेक्षा जास्त सांगून जातं आणि गावातली दोन पोरं शिकवली की तीही करतात. त्यानंतर कव्हर मीटर, सळी किती खोल आहे ते बघायला. मग ठरावीक ठिकाणी ताजा तुकडा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारायचं, जिथे अल्कली शिल्लक आहे तिथे लगेच गुलाबी होतं, जिथे कार्बोनेशन झालंय तिथे रंगच येत नाही. ती गुलाबी रेघ सळीच्या बाहेर आहे की आत, एवढंच बघायचं. ट्रस्टींना हे समोर करून दाखवा, डोळ्यांनी दिसलं की बैठकीतली निम्मी भांडणं मिटतात.

क्लोराइडसाठी ड्रिलने भुकटी काढतात, पण ती एकत्र करून एकच आकडा घेऊ नका. शून्य ते दहा मिलिमीटरची वेगळी पुडी, दहा ते वीसची वेगळी, अशी पन्नासपर्यंत. बाहेर जास्त आणि आत आत कमी होत गेलं तर मीठ वाऱ्याचं. सगळीकडे सारखंच निघालं तर ते रेतीतलं किंवा पाण्यातलं. आजच्या आयएसची मर्यादा घनमीटरला ०.६ किलो आहे, नव्या काँक्रीटसाठी, जुन्याला ती तुलनेपुरती धरायची. शिवाय हाफ-सेल टेस्ट घ्या, म्हणजे सळीचा विद्युत दाब मोजायचा, उणे ३५० मिलिव्होल्टच्या पलीकडे रीडिंग गेलं तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता नव्वद टक्के धरतात. रिबाउंड हॅमर, म्हणजे पृष्ठभागावर आपटून कडकपणा मोजणारं यंत्र, त्या एकट्यावर विसंबू नका, कार्बोनेशन झालेला पृष्ठभाग कडक होतो आणि रीडिंग उगाच चांगलं येतं, मग रिपोर्टात ‘काँक्रीट उत्तम’ लिहून येतं आणि वरून तुकडे पडतच असतात.

एक गोष्ट लोकांना पटत नाही पण ती खरी आहे: पाऊस थेट बसतो त्या बाजूपेक्षा आडोशाला असलेली बाजू किनाऱ्यावर जास्त लवकर खराब होते. पावसात उघडी बाजू धुतली जाते, मीठ निघून जातं. छज्जाच्या खाली, घडीच्या पोटात, फिन्सच्या आतल्या कडेला मीठ साठत राहतं आणि तिथलं काँक्रीट अर्धवट कोरडं असल्यामुळे कार्बोनेशनही तिथेच वेगाने होतं. म्हणून सॅम्पल घ्यायला शिडी लावून पोटात जा, बाहेरच्या भिंतीचं सोयीचं सॅम्पल घेऊन आलेल्या रिपोर्टचा काही उपयोग नाही.

इलाज. नुसतं कार्बोनेशन असेल तर काम तुलनेने सरळ आहे. सुटलेलं काढा, सळीच्या मागे वीस-पंचवीस मिलिमीटरपर्यंत मोकळं करा, म्हणजे सळीच्या सगळ्या बाजूंनी बोट फिरलं पाहिजे, गंज पूर्ण घासा, जिथे सळी बारीक झालीय तिथे जोड द्या, पॉलिमर मॉर्टरने भरा, आणि शेवटी सगळ्या पृष्ठभागाला अँटी-कार्बोनेशन कोटिंग. गंजलेल्या सळीवर तसाच सिमेंटचा गिलावा मारून वर ऑइल पेंट, हे जे सर्रास चालतं ते म्हणजे दोन वर्षांनी तेच काम परत, फक्त मोठं.

मीठ आत असेल तर नुसते पॅच मारून भागत नाही, उलट एक विचित्र गोष्ट होते. पॅचमधली सळी आता सुरक्षित होते आणि तिच्या शेजारची, जुन्या खारट काँक्रीटमधली, जोरात गंजायला लागते. वर्ष-दीड वर्षात पॅचच्या भोवती गोल भेग दिसते आणि लोक म्हणतात मटेरियल डुप्लिकेट होतं. मटेरियलचा दोष नसतो तो. त्यासाठी पॅचच्या कडेला सळीला झिंकचे ॲनोड बांधतात, सळीच्या ऐवजी जस्त झिजतं. मीठ फारच असेल तर विजेच्या प्रवाहाचं कॅथोडिक प्रोटेक्शन असतं, पण खरं सांगू, गावच्या देवळात ते सांभाळणार कोण? तिथे लाइटबिल भरायचं राहिलं तरी सिस्टिम बंद. अशा वेळी छताच्या एकदोन घड्या पूर्ण काढून त्याच मापाने नव्याने ओतणं जास्त प्रामाणिक. वारसावाल्यांना हे आवडत नाही, मला चालतं. आकार तोच, जाडी तीच, नवीन भाग नवीन म्हणून नोंदवून ठेवा, झालं.

जाडी तीच, हे मात्र सोडू नका. ‘मजबुतीसाठी’ म्हणून सगळीकडे दोन-दोन इंच जॅकेट, म्हणजे काँक्रीटचा जादा थर, चढवतात आणि तीन इंचाचा फिन सात इंचाचा होतो. मंडपाची सगळी ऐट त्या बारीकपणात आहे. ४५ मिलिमीटर कव्हर तीन इंचाच्या फिनमध्ये बसणारच नाही, तेव्हा तिथे कव्हरचं काम कोटिंग, ॲनोड आणि कोरडेपणा यांच्याकडून करून घ्यायचं. वजनाचं वेगळं. छताच्या घड्यांच्या पन्हळीत आधीच्या कमिटीने ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट, भरून सपाटी केलीय असं तुमच्या तिसऱ्या फोटोत दिसतंय. चार इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास. ज्या छतावर माणसं चढत नाहीत तिथे हिशोबात धरतात ते पंच्याहत्तर किलो. शिवाय तो कोबा ओल धरून बसतो, बारा महिने. माझ्या मते तुमच्या गळतीचं पहिलं कारण तोच आहे. तो अलगद, छोट्या छिन्नीने, ब्रेकर न लावता काढा, घड्या मोकळ्या करा, पन्हळीला मूळचा उतार आहे का ते पाण्याची बादली ओतून बघा. पाणी जिथून बाहेर पडतं ती भोकं तेव्हा दोन इंचाची ठेवलेली असतात आणि वडा-पिंपळाच्या पानांनी तुंबतात. ती मोठी करता येतात, पण कडेला असलेल्या आडव्या आधारभिंतीत हात घालायच्या आधी इंजिनिअरला विचारा, घडीचा आकार त्याच भिंतीने धरून ठेवलेला असतो. पंख्यासाठी, झुंबरासाठी घडीत मधेच भोक पाडणं तर अजिबात नको.

पाण्याच्या बाबतीत मोठ्या लोकांचंही काय होतं ते बघा. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये हवाई दलाच्या अकादमीचं चॅपल आहे, वॉल्टर नेटशने डिझाइन केलेलं, १९६२ चं, ॲल्युमिनियमची सतरा टोकदार शिखरं. पॅनलच्या सांध्यांखाली पाणी बाहेर काढायला फ्लॅशिंग होतं डिझाइनमध्ये, बजेट वाचवायला ते गाळलं आणि सांधे नुसते सीलंटने बुजवले. पहिल्यापासून गळायला लागलं. शेवटी २०१९ ला बंद केलं, भोवती तात्पुरता हँगर उभा करून पॅनलं उतरवायला घेतली. सीलंट ट्यूबवर भरवसा ठेवणाऱ्या प्रत्येक ट्रस्टीला मी हे सांगतो.

उलट उदाहरण पुदुच्चेरीचं. अरविंद आश्रमाचं गोलकोंड नावाचं वसतिगृह, अँटोनिन रेमंडचं डिझाइन, जॉर्ज नाकाशिमा साइटवर, तीसच्या दशकाच्या शेवटी सुरू होऊन चाळीसच्या दशकात पूर्ण झालेलं. उघडं काँक्रीट, समुद्र जवळच, आणि आजही नीट उभं. आश्रमाची माणसं ते रोज पुसतात, रोज बघतात. खाऱ्या हवेत काँक्रीट टिकतच नाही म्हणणाऱ्याला एवढं एक नाव पुरे.

पत्र्याच्या शेडबद्दल तुम्ही विचारलंय. मी तत्त्वासाठी विरोध करणारा नाही. सपाट स्लॅबवर सुटी, हलकी, उतरती शेड कधी कधी सगळ्यात चांगलं संरक्षण असतं. पण घडीच्या छतावर ती टाकली की बाहेरून मंडप गायबच होतो, आणि तिचे खांब बसवायला त्याच दुबळ्या काँक्रीटमध्ये अँकर ठोकतात, तिथून पाणी परत आत. शिवाय २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडे पत्र्यांचं काय केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, उडालेला पत्रा शेजारचंही घेऊन जातो. तुमच्याकडे नको.

जाळ्या. यांच्यासाठी रडारड करू नका. त्यात सहा मिलिमीटरची सळी आणि भोवती जेमतेम अर्धा इंच सिमेंट, त्या फुटणारच होत्या. पॅरिसजवळ ल रँसीचं चर्च आहे, ऑग्युस्त पेरेचं, १९२३ चं, भिंतीच्या भिंती सिमेंटच्या जाळीच्या, तिथेही जाळीतलं लोखंड फुगून जाळी फुटली आणि पॅनलं नव्याने ओतावी लागली. तुमच्याकडची एक धड जाळी हळूच काढा, तिच्यावरून साचा घ्या, रबरचा किंवा फायबरचा, आणि नव्या जाळ्या सळीशिवाय किंवा काच-फायबरच्या बारीक दांड्या घालून ओता. गावातला जो माणूस तुळशी वृंदावनं ओततो त्याला हे सहज जमेल. धड आहेत त्या जुन्या जाळ्या मात्र एका बाजूला एकत्र लावून ठेवा, मिसळू नका. आणि जाळीच्या मागे ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचा लावायचा जो प्रस्ताव आहे तो फेटाळा. मंडप त्या जाळ्यांमधून श्वास घेतो. काच लावली की आत दिव्यांची काजळी, माणसांचा दमट उबारा, छताच्या पोटाला घाम, आणि मग एसीची मागणी. पीओपीचं फॉल्स सीलिंग तर त्याहून वाईट, तुकडा सुटलाय हे डोक्यात पडेपर्यंत कळणार नाही.

मोझॅक ठेवा. साधं पॉलिश केलं की काय निघतं ते बघून तुमचंच मंडळ गप्प होईल. काचपट्ट्या घालून पाडलेले चौकोन, मधलं कमळ, आणि उंबऱ्याजवळ काळ्या चिप्समध्ये लिहिलेलं साल. त्यावर व्हिट्रिफाइड टाइल चिकटवली तर फरशी उंच होऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पाणी थांबेल, आणि जांभा खालून ओल ओढून घेईल. रंगाचंही तसंच, फिन्सवरचे ऑइल पेंटचे सात थर सौम्य स्ट्रिपरने एका हातभर जागेत काढून बघा, खाली बहुतेक ग्रिट प्लास्टर, म्हणजे बारीक खडीचा खरखरीत गिलावा, असेल. सँडब्लास्टिंग नको.

आता मंडळाशी कसं बोलायचं. कायद्याचा आधार शोधत बसू नका. केंद्राचा पुरातत्त्व कायदा शंभर वर्षं मागतो. दिल्लीचं हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचं प्रदर्शनगृह, वास्तुविशारद राज रेवाल आणि इंजिनिअर महेंद्र राज यांचं, १९७२ चं, जगात नावाजलेलं, तेसुद्धा २०१७ च्या एप्रिलमध्ये पाडलं, साठ वर्षांच्या आतल्या इमारतींचा विचार करत नाही असं तिथल्या वारसा समितीचं म्हणणं होतं. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजची नियमावली आहे, पण खेडेगावातल्या सभामंडपाला असं कवच मिळालेलं माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे जे काही होईल ते ग्रामसभेत आणि ट्रस्टच्या बैठकीत पटवूनच होईल. परदेशात आधुनिक चर्चेसची अडचण वेगळी आहे, तिकडे माणसंच उरली नाहीत. वास्तुविशारद एरो सारिनेनचं अमेरिकेत इंडियानातलं नॉर्थ ख्रिश्चन चर्च, १९६४ चं, म्हणजे तुमच्या मंडपाच्याच वयाचं, तिथली मंडळी २०२२ मध्ये विसर्जित झाली आणि इमारत लायब्ररीकडे गेली. आपल्याकडे उलटं, माणसं आहेत, भक्ती आहे, आणि पैसाही आलाय, तो पैसाच इमारतीच्या मुळावर येतो. देणाऱ्याला आपलं नाव लागेल असं काहीतरी नवं हवं असतं, यात वाईट काही नाही, त्याला ते द्या. नवीन भक्तनिवास, स्वच्छतागृहं, पालखीची खोली, पार्किंग, तिथे लागू देत नावं. गुलाबी दगड आणायचाच असेल तर कमानीला आणा, पण आधी आसपास कुठे लागलाय तिथे चार पावसाळ्यांनंतर जाऊन बघून या, शेवाळाने काळा-हिरवा झालेला दिसेल. कोरड्या मुलखातला दगड आहे तो.

बैठकीत दोन अंदाजपत्रकं समोर ठेवा, एक पाडून बांधायचं आणि एक रिपेअरचं, दोन्हीमध्ये सगळं धरून: पाडकाम, राडारोडा टाकायची जागा, तात्पुरता मंडप, आणि मुख्य म्हणजे विधी. पाडायचं तर गाभाऱ्याला हादरे बसणार, चुन्यातले चिरे आहेत ते, मग देव हलवायला लागणार, पुन्हा प्रतिष्ठा, म्हणजे मधली दोन-तीन वर्षं जत्रा आणि शिमगा उपऱ्या जागेत. रिपेअरमध्ये देव जागचा हलत नाही. मानकऱ्यांना हा मुद्दा इतर सगळ्या मुद्द्यांपेक्षा जास्त पटतो, माझा अनुभव आहे. कौल लावायचं ठरलं तर खुशाल लावा, फक्त प्रश्न काय विचारायचा ते आधी नीट ठरवून घ्या. ‘नवीन देऊळ बांधू का’ असं विचारलं तर देव कशाला नको म्हणेल?

कामाचं वेळापत्रक: टेस्टिंग दसऱ्यानंतर लगेच, हवा कोरडी व्हायला लागते तेव्हा. कोबा काढणं आणि तोडफोड त्रिपुरी पौर्णिमेच्या जत्रेनंतर. पॅच आणि नव्या घड्या शिमग्याच्या आधी, कारण क्युरिंगला, म्हणजे पाणी मारून ओलं ठेवायला, वेळ हवा आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात मॉर्टर तडकतं. क्युरिंगला टँकर मागवाल तेव्हा तो कुठल्या विहिरीवर भरतो ते स्वतः जाऊन बघा, खाडीकाठच्या मचूळ पाण्याने क्युरिंग केलं तर आपणच मीठ परत घातलं. वॉटरप्रूफिंग आणि कोटिंग मेच्या मध्यापर्यंत संपलंच पाहिजे, त्यानंतर वळवाचा भरवसा नाही. कंत्राटदार निवडताना सर्वात कमी टेंडर घेऊ नका, त्याच्याकडून घडीच्या एका पट्ट्यावर नमुना करून घ्या आणि दोन आठवड्यांनी हातोडी घेऊन तो ठोकून बघा.

आधी ती पाच पुड्यांची क्लोराइड टेस्ट करून घ्या, घडीच्या पोटातून निदान सहा ठिकाणी आणि खांबांच्या बुडातून चार. आकडे खोलीप्रमाणे इथे टाका, सोबत हातोडीचा नकाशा. ॲनोड किती लागतील आणि कुठल्या घड्या बदलायच्या ते त्यावरूनच सांगता येईल.